एक रेघ आवाज

गाणं आवडणं ही अत्यंत जबाबदारीची गोष्ट आहे, आणि ती आजवर बेजबाबदार लोकांच्या हाती राहिली, हे समाजाचं मोठंच नुकसान झालं. पूर्वी माणूस रस्त्याने जाता जाता कुठल्याशा दुकानात लागलेलं गाणं ऐकायचा, त्याला ते आवडायचं, आणि तो तसाच पुढे निघून जायचा. या आवडण्याची कुठेही नोंद होत नसे. गायकाला त्याचा पत्ता नसे, कंपनीला नसे, शेजाऱ्याला तर नसेच. काही जण गाणं फारच आवडलं तर चक्क डोळे मिटून बसत. (डोळे मिटून बसलेल्या माणसाला मोजायचं कसं, हा साधा विचारही त्यांच्या मनाला शिवत नसे.) सुदैवाने ही अनागोंदी आता संपली आहे. ती कशी संपली, हे मी सावकाश सांगतो. ज्यांना घाई असेल त्यांनीही बसावं.

मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळे कुठलीही गोष्ट पहिल्यापासून समजावून सांगायची मला सवय आहे. निवृत्त झालो तरी इमारतीतली मुलं संध्याकाळी माझ्याकडे येतातच. आधी पाढ्यांसाठी यायची. आता पाढे फोनमध्ये असल्यामुळे गाण्यांसाठी येतात. आम्ही मिळून गाण्यांचे व्हिडिओ बघतो आणि मी त्यावर प्रश्न विचारतो. उत्तर चुकलं तरी मी रागावत नाही. मी फक्त तो व्हिडिओ पुन्हा लावतो.

आमच्या सगळ्यांची आवडती गायिका एकच. तिचं खरं नाव काय आहे कोण जाणे. जग तिला झुळूक म्हणतं, कारण तिच्या प्रत्येक व्हिडिओत वारा सुटलेला असतो. हा वारा अभ्यास करण्यासारखा आहे. तो फक्त झुळूकचे केस उडवतो. मागचा पडदा हलत नाही, शेजारी नाचणाऱ्या मुलींची बट हलत नाही, टेबलावरचा कागद हलत नाही. हा वारा येतो कुठून, असं मी मुलांना विचारलं, तेव्हा एकाने सांगितलं की खिडकीतून. दुसऱ्याने दाखवून दिलं की खिडकी बंद आहे. बराच ऊहापोह झाल्यावर सगळ्यांत धाकटी म्हणाली, "आजोबा, तो वारा तिच्या ओळखीचा आहे." तिला मी पूर्ण गुण दिले. याहून बरं उत्तर मला आजतागायत सुचलेलं नाही.

तिच्या व्हिडिओंपैकी तीन माझे विशेष लाडके आहेत. पहिला कपडे धुण्याच्या दुकानातला. भिंतीला ओळीने यंत्रं लागलेली, सगळी गरागरा फिरताहेत, आणि मधोमध उभी राहून झुळूक गाते की तू गेलास म्हणून माझं काहीही अडलेलं नाही. शेवटी ती एका यंत्राचं दार उघडते आणि आतून एकच शर्ट बाहेर काढते. तो शर्ट कुणाचा हे गाण्यात कुठेही सांगितलेलं नाही, आणि तेच मला फार आवडतं. (आमच्या घरातल्या आजीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, आक्षेप वेगळा होता. एका शर्टासाठी अख्खं यंत्र कोण लावतं, असं तिचं म्हणणं.) दुसऱ्या व्हिडिओत काही मुली गच्चीवर छत्र्या घेऊन नाचतात. आभाळ स्वच्छ आहे. सगळ्यांनी एकदम छत्र्या उघडायच्या असतात, तेव्हा एका मुलीची छत्री उघडत नाही, आणि ती मुलगी मिटलेली छत्री घेऊन तितक्याच आनंदाने नाचत राहते. माझे डोळे नेहमी त्याच मुलीवर असतात. तिसऱ्यात झुळूक रागाने घर सोडून निघते आणि जाता जाता घरातला एकेक नळ सुरू करत जाते. हा व्हिडिओ आजीला शेवटपर्यंत बघवत नाही. दुसऱ्या नळाला ती उठते आणि आमचा स्वयंपाकघरातला नळ नीट बंद आहे ना, ते पाहून येते.

ही माझी मतं मी गाणी ऐकत असे त्या काळातली आहेत. पुढे मी रीतसर चाहता झालो, आणि दोन्ही गोष्टींना एकाच वेळी न्याय देणं माणसाला शक्य नसतं.

रीतसर चाहता होण्याचं श्रेय माझ्या नातीचं. तिला घरीदारी सगळे खारुताई म्हणतात, कारण लहानपणी ती तोंडातला घास गालात साठवून ठेवायची आणि दुपारी निवांत खायची. वय अकरा. पद : शाखाप्रमुख, झुळूक चाहते संघ, आमच्या इमारतीची शाखा. शाखेत तिच्याखालोखाल मान दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा, कारण रुग्णांना तोंड उघडं ठेवायला सांगून त्यांच्याशी झुळूकविषयी एकतर्फी चर्चा करण्याची सोय फक्त त्यांच्यापाशी होती. आकडेवारीचं खातं चौथ्या मजल्यावरच्या कॉलेजकुमाराकडे होतं. तो कुठल्याही प्रश्नाचं उत्तर टक्क्यांत देत असल्यामुळे त्याचं नावच टक्केवारी पडलं आहे. (जेवलास का, असं विचारलं तर साठ टक्के, असं सांगतो.) तळमजल्यावरचा शिंपी हा साधा सभासद. मी ज्येष्ठ वादन अधिकारी.

मग एके दिवशी कंपनीने जाहीर केलं की झुळूकचं नवीन गाणं येत आहे, 'दार लोटून जा', आणि जी शाखा हे गाणं पहिल्या पंधरवड्यात सर्वांत जास्त वेळा वाजवील, तिच्या प्रमुखाला झुळूकशी व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटं बोलायला मिळेल.

खारुताईला ती दोन मिनिटं हवी होती. किती हवी होती, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तिने स्वतः एक गाणं रचलं होतं. पहिलं कडवं झालं होतं, चालही लागली होती, आणि तिथेच गाडं अडलं होतं. दुसरं कडवं काही केल्या सुचेना. ती पहिलं कडवं म्हणायची, थांबायची, छताकडे बघायची आणि पुन्हा पहिलं कडवं म्हणायची. हे गाणं झुळूकला म्हणून दाखवायचं आणि आता पुढे कसं जायचं ते विचारायचं, एवढंच तिचं मागणं होतं. मला विचार म्हणालो, तर म्हणाली, "आजोबा, तुम्ही घरातलेच." यात अपमान नव्हता. घरातल्या माणसाने गाणं चांगलं म्हटलं तर त्याला कोण मोजतं? कपाटाच्या आरशासमोर उभं राहून ती तालीम करायची. गाणं मिनिटात बसवायचं, प्रश्न भरभर विचारायचा आणि उरलेला वेळ उत्तराला ठेवायचा, असा सगळा बेत ठरला होता.

आता वादनाची कार्यपद्धती. व्ह्यू म्हणजे कुणीतरी काहीतरी बघणं, असा एक बाळबोध समज आहे. तसं नाही. व्ह्यू ही मोजणाऱ्या यंत्राची खात्री पटवण्याची क्रिया आहे, आणि यंत्र स्वभावाने संशयी आहे. फोनचा आवाज पूर्ण बंद असेल तर ते तो व्ह्यू धरत नाही. त्यामुळे आवाज एक रेघ ठेवावा, असा नियम खारुताईने काढला. एक रेघ म्हणजे यंत्राला ऐकू येईल आणि माणसाला येणार नाही, इतका. दुसरं म्हणजे, तेच गाणं लागोपाठ लावलं तर यंत्राला वाटतं की हे कुणी माणूस नव्हे. (एकच गाणं वेड्यासारखं पुन्हा पुन्हा ऐकणारी माणसं मी पाहिली आहेत, पण यंत्राच्या पाहण्यात ती आलेली दिसत नाहीत.) त्यासाठी दोन वादनांच्या मध्ये दुसरा कुठलाही व्हिडिओ मनापासून बघावा. मनापासून हा शब्द खारुताईने मुद्दाम घातला होता.

सभासदांनी तो तंतोतंत पाळला. मधल्या व्हिडिओंच्या आधारे मला नळाचा वॉशर बदलता येऊ लागला. दातांच्या डॉक्टरांचा पाव पहिल्यांदाच फुगला. शिंप्याने मधमाश्या पाळण्याचं संपूर्ण शास्त्र आत्मसात केलं आणि राणीमाशी म्हातारी झाल्यावर काय करावं, याविषयी तो गिऱ्हाइकांना बाही मोजता मोजता मार्गदर्शन करू लागला. एका गाण्यामुळे एवढा ज्ञानप्रसार झाल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

गाणं मात्र आपापल्या जागी चोख वाजत होतं. फोन कुठे ठेवावा याला मोकळीक होती. फक्त त्याचा कुणाला त्रास होऊ नये. डॉक्टरांचा फोन दवाखान्यातल्या जुन्या मासिकांच्या गठ्ठ्याखाली असे. शिंप्याचा रिळांच्या खणात. बऱ्याच जणांनी चपलांचं कपाट पसंत केलं. माझ्याकडे दोन फोन होते, माझा आणि आजीचा : एक घडी केलेल्या चादरींच्या मध्ये, दुसरा स्वयंपाकघरातल्या मोठ्या पातेल्यात. आजीने एकदा भात टाकायला झाकण उघडलं, तर आत झुळूक गात होती. आजीने झाकण परत लावलं आणि दुसरं पातेलं घेतलं.

टक्केवारीने काढलेल्या हिशेबानुसार शाखेच्या सत्त्याण्णव टक्के वादनांच्या वेळी खोलीत कुणीही नव्हतं. उरलेल्या तीन टक्क्यांत माणूस होता, पण झोपलेला. या आकड्यांचं वरच्या पातळीवर कौतुक झालं. इतर शाखांमध्ये जागी माणसं गुंतून पडत असत.

वादनाच्या जोडीला अभिप्राय. हे काम डॉक्टरांकडे होतं आणि त्यांनी ते शास्त्रीय पद्धतीने केलं. गाणं यायच्या आदल्याच दिवशी त्यांनी अभिप्राय लिहून सगळ्यांना पाठवले, म्हणजे ऐनवेळी गडबड नको. 'शब्द काळजाला भिडले.' 'दुसरं कडवं ऐकताना डोळे भरून आले.' दुसऱ्या कडव्याचा उल्लेख जिथे तिथे असावा, असा त्यांचा आग्रह होता. पहिल्या कडव्याचं कौतुक कुणीही करतं. दुसरं कडवं म्हटलं की माणूस तिथवर पोचला होता हे सिद्ध होतं.

त्या धामधुमीत धाकटीने एकदा मला विचारलं, "आजोबा, गाणं कसं आहे?"

"चौथ्या क्रमांकावर आहे," मी सांगितलं.

ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मुलांच्या शंका पूर्ण मिटवाव्यात असं माझं मत असल्यामुळे मी पुढे म्हणालो, की काल सहाव्या होतं.

खुद्द खारुताईनेही गाणं ऐकलेलं नव्हतं. यात कुणी दुसरा अर्थ काढू नये. तिला वेळच नव्हता. पाळ्या लावायच्या, कुणाचा फोन बंद पडला ते बघायचं, टक्केवारीकडून आकडे घ्यायचे. आणि मुख्य म्हणजे तिला ते असंतसं ऐकायचं नव्हतं. सगळं संपलं, आपण जिंकलो, की एकटी दार लावून निवांत ऐकणार होती. ती म्हणाली, "एवढं चांगलं गाणं मी घाईत नाही वाया घालवणार." मला तिच्या लहानपणीचे फुगलेले गाल आठवले.

आम्ही जिंकलो. इमारतीत जल्लोष झाला आणि सगळ्यांनी आपापल्या चपलांच्या कपाटातून फोन बाहेर काढले.

कॉल रविवारी सकाळी होता. खाली टेबल टेनिसच्या खोलीत बंदोबस्त केला. टेबलाची जाळी काढून मध्ये लॅपटॉप ठेवला, समोर खारुताईची खुर्ची, आणि मागे झाडून सगळे सभासद दाटीवाटीने उभे. दात घासण्याविषयी डॉक्टरांनी सर्वांना वेगळी सूचना दिली होती, जणू झुळूक जवळून तपासणार होती. ध्वनिव्यवस्था, म्हणजे लॅपटॉपचं आवाजाचं बटण, माझ्याकडे. मी खारुताईच्या शेजारीच उभा होतो.  ती ओठांत पहिलं कडवं म्हणत होती.

पडद्यावर आधी कंपनीचा माणूस आला. त्याने आम्हाला हसायला सांगितलं, आम्ही हसलो, आणि तो बाजूला झाला. मागे झुळूक बसली होती. वारा नव्हता. केस वर बांधलेले, अंगात साधा सदरा, मागे दोरीवर टॉवेल वाळत घातलेले. तुमच्यामुळेच मी आहे, हे वाक्य तिने न चुकता म्हटलं. खारुताईने गाणं सुरू करायला श्वास घेतला, तेवढ्यात झुळूकच बोलली.

"गाणं कसं वाटलं गं तुला?"

शाखेने या प्रश्नाचीही तयारी करून घेतलेली होती. खारुताई म्हणाली, "खूप आवडलं, ताई. दुसरं कडवं ऐकताना तर डोळे भरून आले."

"दुसरं कडवं?"

"हो. शब्द अगदी काळजाला भिडले."

"कुठले शब्द?"

खारुताईने मागे वळून डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी टक्केवारीकडे पाहिलं. टक्केवारीने आपल्या फोनकडे पाहिलं, तर तिथे सगळं होतं, फक्त शब्द नव्हते.

"दुसऱ्या कडव्याला आवाजच नाहीये, बाळा," झुळूक म्हणाली. "चुकीची फाइल चढवलीय यांनी. तिथून पुढे माझे नुसते ओठ हलतात. मी रोज बघतेय, कुणी लिहितंय का, की अहो, आवाज गेलाय. पाच कोटी वेळा वाजलं म्हणे. कुण्णी नाही लिहिलं." ती रागावलेली नव्हती. वर्गात सगळ्यांना प्रश्न विचारून झाल्यावर मास्तर ज्या आवाजात उत्तर सांगतो, तसा तिचा आवाज होता.

खोलीत शांतता पसरली. दुसऱ्या कडव्याच्या वेळी पसरत असेल, तशी.

कंपनीच्या माणसाचा हात पडद्याच्या कडेला दिसला. एक बोट वर होतं. एक मिनिट राहिलं होतं, म्हणजे खारुताईच्या गाण्यापुरतं. झाल्या गोष्टीला इलाज नव्हता, पण तिचं काम अजून होण्यासारखं होतं. शिकवणाऱ्या माणसाने धीर सोडायचा नसतो. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हटलं, कर सुरू.

तिने सुरू केलं नाही. तिचे कान लाल झाले होते. ती म्हणाली, "ताई, मग आत्ता म्हणा ना. मी ऐकते."

झुळूकने एकदा बाजूला, त्या बोटाकडे पाहिलं. मग टॉवेलांसमोर, वाऱ्याशिवाय, ती गाऊ लागली.

इथे आमच्या शाखेच्या शिस्तीचं जे दर्शन घडलं, ते पाहून कुठल्याही संघटनेने धडा घ्यावा. झुळूकने तोंड उघडताच खोलीतला झाडून प्रत्येक फोन वर झाला आणि चित्रण सुरू झालं. कुणालाही सांगावं लागलं नाही. त्याच क्षणी माझं बोटही आपण होऊन आवाजाच्या बटणावर गेलं आणि मी आवाज एक रेघ केला. गाणं सुरू झालं की आवाज एक रेघ. हाताला तसं वळणच लागलेलं होतं. नियमाची इतकी तत्पर अंमलबजावणी मी नोकरीत असतानाही माझ्या हातून कधी झाली नव्हती.

खारुताई खुर्चीवरून उठली, टेबलावर ओणवी झाली आणि तिने लॅपटॉपवर कान टेकला. गाल बटणांवर, डोळे मिटलेले. आम्हाला तिची वेणी तेवढी दिसत होती, आणि वेणीच्या पलीकडे झुळूकचे हलणारे ओठ. मागे कुजबुज चालू होती. कुणीतरी कुणाला बाजूला व्हायला सांगत होतं. मग पडदा काळा झाला. खारुताई तरी पण तशीच कान लावून होती. शिंप्याने तिला उठवायला हात पुढे केला होता, पण तो तिथेच थांबला.

दुपारी चित्रणांची तपासणी झाली. सर्व फोनांनी आपलं कर्तव्य बजावलं होतं. त्यांत इतर फोन स्पष्ट दिसत होते. डॉक्टरांचं कोपर अनेक कोनांतून आलं होतं. खुर्ची सरकल्याचा, खोकल्याचा आणि 'अहो, मान जरा' असं म्हटल्याचा आवाज सुरेख टिपला गेला होता. गाणं एकाही फोनात नव्हतं.

त्यामुळे संध्याकाळी तातडीची सभा भरली. जगात ते कडवं ऐकलेली चाहती एकच होती, आणि ती आमच्या शाखेची. टक्केवारीने या घटनेचं महत्त्व शंभर टक्के, असं सांगितलं. शब्द आणि चाल शाखेच्या हवाली करावी, आपण ती सर्वप्रथम प्रसिद्ध करू, दुसरी शाखा जवळपासही फिरकू शकणार नाही, असा ठराव डॉक्टरांनी मांडला आणि शिंप्याने त्याला अनुमोदन दिलं. मग सगळे खारुताईकडे बघू लागले.

ती म्हणाली, "तुम्ही सगळे तिथेच होतात की."

आपण कामात होतो, हे डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं. जे ऐकलं ते शाखेच्या कॉलवर ऐकलं, तेव्हा ते शाखेचं होतं, हेही सांगितलं. मी गोडीगुलाबीने सुचवलं की पहिली ओळ तरी सांग, बाकीचं आठवेल तसं. तेव्हा तिने माझ्याकडे वळून विचारलं, "आजोबा, तुम्ही आवाज कमी का केलात?"

मी तिला शांतपणे नियमाची आठवण करून दिली. तिने मान हलवली. "नियम माझाच होता," ती म्हणाली, गळ्यातलं शाखाप्रमुखाचं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि घरी निघून गेली. सभेने तिचा राजीनामा नामंजूर करून तिला पदावरून काढून टाकलं. हे जास्त रीतीला धरून होतं.

फाइल दुरुस्त करून घ्यावी, असा विचार त्या सभेत शिंप्याच्या मनात येऊन गेला. टक्केवारीने तो वेळीच रोखला. नवीन फाइल म्हणजे नवीन व्हिडिओ, आणि नवीन व्हिडिओ म्हणजे मोजणी पहिल्यापासून. पाच कोटींवर पाणी. झुळूक दुरुस्तीच्या मागे लागली आहे असं कळताच जगभरच्या शाखांनी कंपनीला कळकळीची विनंती केली की कृपा करून आवाज घालू नका. कंपनीने चाहत्यांच्या भावनांचा आदर केला आणि जाहीर केलं की दुसऱ्या कडव्यातली शांतता ही कलावंताची जाणीवपूर्वक निवड आहे.

त्यानंतर गाण्याला खरा बहर आला. डॉक्टरांनी जुना अभिप्राय मागे घेऊन 'ही शांतता ऐकताना डोळे भरून आले' असा नवा अभिप्राय वाटला. आता लोक गाणं मोठ्याने लावतात. पहिल्या कडव्याला आवाज एक रेघच असतो; दुसरं कडवं आलं की पूर्ण वाढवतात, म्हणजे शांतता नीट ऐकू येते. शिंप्याने त्यासाठी नवीन स्पीकर घेतला आणि तो म्हणतो की फरक पडतो.

इमारतीच्या वार्षिक कार्यक्रमात हे गाणं मुलांकडून बसवून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. पहिलं कडवं त्यांनी दोन दिवसांत उचललं. दुसरं जड गेलं. सगळ्यांनी एका तालात ओठ हलवायचे आणि आवाज येऊ द्यायचा नाही, हे मुलांना सोपं नसतं. कुणाच्या ना कुणाच्या तोंडून सूर निसटतोच. मी कुणालाही ओरडलो नाही. पुन्हा पुन्हा करून घेतलं. धाकटीच्या गळ्यातून मात्र दर वेळी काहीतरी बाहेर पडायचं, तेव्हा शेवटी तिला मागच्या रांगेत उभी केली आणि हातात छत्री दिली. कार्यक्रमाच्या दिवशी मुलांनी इतक्या सफाईने ओठ हलवले की आयांनी डोळे पुसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. खारुताई कार्यक्रमाला आली नव्हती.

ती घरीच असते. दार लावून तो व्हिडिओ ऐकायचं तिचं अजूनही राहिलंच आहे, आणि आता ती त्याविषयी बोलतही नाही. पण बुटाची नाडी बांधताना, केस विंचरताना, जिना उतरताना ती काहीतरी गुणगुणते. चाल माझ्या ओळखीची नाही. ते तिचं स्वतःचं पुढचं कडवं आहे की झुळूकचं, हेही मला सांगता येणार नाही. मी जवळ गेलो की ती थांबते. चार दिवसांमागे मी वर्तमानपत्राखाली फोन सुरू करून ठेवला आणि शब्दकोडं सोडवत असल्यासारखा बसून राहिलो. ती खोलीत आली, वर्तमानपत्राकडे पाहिलं, आणि काही न बोलता माझ्यासाठी पाण्याचा पेला ठेवून गेली.

आजीला ते कडवं पाठ झालेलं असावं, असा मला दाट संशय आहे. खारुताई रोज संध्याकाळी तिच्या शेजारी बसून शेंगा सोलते, आणि त्या वेळी स्वयंपाकघराचं दार पुढे केलेलं असतं. तिने तुला सांगितलं का, असं मी आजीला विचारलं. ती म्हणाली, "सांगितलं नाही. मी ऐकलं." कसं आहे, असं विचारलं तर म्हणाली, छान आहे. एवढ्यावर शाखेला काहीच करता येण्यासारखं नाही.

खारुताईची पाळी त्यामुळे रिकामी आहे, आणि आजीनेही आपला फोन परत मागितला आहे. त्या कडव्याचे शब्द निदान शेवटच्या परिच्छेदात तरी असतील, अशा हिशेबाने जे वाचक मधला मजकूर ओलांडून थेट इथे येऊन पोचले आहेत, त्यांना मी मुळीच दोष देत नाही. लेख वाचला असं चारचौघांत सांगायला पहिला आणि शेवटचा परिच्छेद पुष्कळ होतो. उलट मी तुमचीच वाट बघत होतो. सकाळच्या पाळीत दोन जागा आहेत. अनुभवाची अट नाही. तुमचा अनुभव दिसतोच आहे. येताना चार्जर आपापला आणावा.